बाबांनी गाडी बदलली तो हंगाम

दिवाळी सरली की अमरावतीच्या हवेत कापूस उतरतो. शहरातली, कापसातून सरकी काढणारी जुनी जीनं आता बंद पडलीत, त्यांच्या जागांवर मंगल कार्यालयं आणि शिकवणीचे वर्ग उभे आहेत, कापसाच्या बैलबंड्यांच्या रांगाही गेल्या. तरी एखाद्या सकाळी खिडकीच्या जाळीला पांढरा तंतू चिकटलेला दिसतो, कुठल्या तरी ट्रॉलीतून उडून आलेला, आणि मला कळतं की हंगाम आला. यंदा तो दिसला त्याच सकाळी समोरच्या इंगोले सरांच्या फाटकापाशी नवी मोटारसायकल उभी होती.

सर कॉलेजातून निवृत्त झालेले, पासष्टीला टेकलेले. इतकी वर्षं त्यांच्याकडे एक अवजड, दणदणीत गाडी होती. ती सुरू झाली की आमच्या स्वयंपाकघरातल्या ताटल्या वाजत. ही नवी दिसायला जुन्या घाटाची होती, गोल दिवा, फुगीर टाकी, तारांची चाकं. पण अंगानं बारकी. सर तिच्या शेजारी नुकती मिशी काढलेल्या माणसासारखे उभे होते.

"गुडघ्यांनी ऐकणं सोडलं, मॅडम," ते म्हणाले. "जुनी देऊन टाकली. ही हलकी आहे. लोक हसतीन आता."

"हसू द्या. आधी एक चक्कर मारून या," मी म्हटलं.

ते गेले. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली. मी गॅलरीतच बसून राहिले. चहा निवून गेला. बाबांचा तो हंगाम डोळ्यांपुढे होता. साठ सालानंतरचा कुठला तरी. मी नववीत होते एवढं पक्कं.

बाबांची गाडी पाच मणांची होती. तिला तराजूत कुणी घातलं होतं ठाऊक नाही, पण आमच्या घरात ते वजन तसंच सांगितलं जाई. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांपैकी ती एक. बाबांना तिची ओळख जुनीच होती. फौजेत त्यांनी बंदुकीपेक्षा मोटारसायकल जास्त चालवली. एका छावणीतून दुसरीकडे कागद पोचवायचं त्यांचं काम. परत आल्यावर ते जीनचे फिटर झाले. दसऱ्यापासून होळीपर्यंत अमरावती ते अकोला या पट्ट्यात कुठलंही जीन अडलं, शाफ्ट वाकला की बेअरिंग जळालं, की बाबांना बोलावणं येई. गाडीच्या मागच्या लोखंडी कॅरिअरवर हत्यारांची पेटी पट्ट्यानं आवळलेली असायची आणि बाबा खाकी कोट घालून निघायचे. संध्याकाळी परतत तेव्हा भुवयांवर, कानांच्या केसांवर रुई बसलेली असे. माय त्यांना दारातच थांबवून पदरानं झटकायची.

त्या गाडीचा आवाज कोसभरावरून ओळखू येई. धीमा, जाड, छातीत बसणारा. आणि त्या आवाजाचं बाबांना काय होतं हे समजायला आमच्या गावाला जायला हवं.

आमचं गाव मूर्तिजापूरपासून चार कोसांवर. घर अमरावतीला असलं तरी गावात थोडं वावर होतं, बौद्धपुऱ्यात दोन खोल्या होत्या, आणि कापसाच्या वेचणीला आम्ही जायचोच. पुऱ्याकडे जाणारा रस्ता वरच्या पुऱ्यातून जातो, पाटलांच्या ओट्यापुढून. बाबा लहान असताना तिथून जाताना आमच्या लोकांना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. वीसेक पावलांचा तो तुकडा. पुढे बाबा फौजेतून आले ते लष्करी बूट घालून, त्या गाडीवर बसून, त्याच तुकड्यावरून. कोणी काही म्हणालं असेल तर ते बाबांना ऐकू आलं नाही. गाडीचा आवाजच एवढा. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, हळूहळू अनवाणी जायची रीत मोडली, पण बाबा ओट्यापाशी आले की उजव्या मुठीतला गाडीचा कान थोडा पिळायचेच. आवाज वाढायचा, ओट्यावरची कबुतरं उडायची.

मग त्या हंगामात बाबा पडले.

फार जोरात जात नव्हते. अकोल्याहून परतताना एका नाल्याच्या रेतीत चाक फिरलं आणि गाडी माणूस बसतो तशी हळूच एका अंगावर बसली. बाबांचा पाय खाली. सायलेन्सर तापलेला, पोटरीला टेकलेला. मागून येणाऱ्या बंडीवरच्या दोघांनी उतरून गाडी उचलली, बाबांना उभं केलं, आणि त्यातला एक सहज म्हणाला, "आता हे भारी काम झेपत नाइ तुमाले, बाप्पा."

त्या माणसाचं हे बोलणं आम्हाला चार दिवसांनी कळलं. तोवर बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. माय पोटरीला मलम लावत होती. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. मायनं विचारलं, "लय दुखते काय?"

"पाय नाइ दुखत," बाबा म्हणाले. मग: "उचलता नाही आली मले. दोनदा जोर लावला. हल्लीच नाही."

मी दारात अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसले होते. बाबांना काही येत नाही असं वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं.

सल्ले यायला वेळ लागला नाही. अमरावतीच्या एका जीनचे मॅनेजर स्वतः भेटायला आले. म्हणाले, "सखाराम, आता फिरणं पुरे. आमच्याकडे कायम ये. खुर्ची देतो, खालची माणसं काम करतील, तू बघायचं." चांगलं बोलणं होतं ते, प्रेमाचं. बाबांनी विचार करून सांगतो म्हटलं. मामा कचेरीत शिपाई होता, तो म्हणाला, "दाजी, स्कूटर घ्या. आजकाल साहेब लोकंही स्कूटरच घेऊन राहिले."

"स्कूटर म्हणजे खुर्ची," बाबा म्हणाले. "मांडीत धराले टाकी नसते तिले. खुर्चीच पायजे तं मग मॅनेजरची काय वाईट हाये."

मामा गेल्यावर ते मायला म्हणाले की मॅनेजरला होकार द्यावा म्हणतो. माय भाकरी थापत होती. थापता थापताच बोलली.

"काहून?"

"वय झालं."

"अवो, वय गुडघ्याचं झालं. हाताचं झालं काय?"

"गाडी नाही झेपत."

"तं झेपंल अशी घ्या."

"बारकी गाडी घेऊन गेलो तं लोकं काय म्हणतीन? आवाज आला की लोकं समजते, सखाराम मिस्त्री आला."

मायनं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले. "आवाज गाडीचा होता. बंद पडलेलं जीन ते गाडी चालू करत होती, का तुमी करत होते?"

मॅनेजरला निरोप गेला नाही, आणि आठ दिवसांनी काठी टेकत ते आपण होऊन गाडीकडे गेले आणि ती विकायला काढली. चांदूर बाजारचा एक संत्र्याचा बागाईतदार ती घेऊन गेला. तरणा, दणकट माणूस. त्यानं किक मारली, गाडी पहिल्याच किकेला बोलली. बाबांनी त्याला सांगितलं, "उलटी किक मारते थंडीत. पाय सैल ठेवजा." एवढंच. तो वळणाआड गेल्यावर आवाज विरेपर्यंत बाबा उभे राहिले, मग आत येऊन हत्यारांची पेटी उघडून बसले आणि ज्या पान्यांना गंज नव्हता तेही तेल लावून पुसले.

दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला मावशीकडे होते. एका सकाळी बाबा दारात. रेल्वेनं आले होते, आणि आता रेल्वेनं जाणार नव्हते. अकोल्याचा एक ओव्हरसिअर बदली होऊन दूर चालला होता, त्याची गाडी बाबांनी पाहून ठेवली होती. मावशीच्या अंगणात ती उभी होती. गडद हिरवी, लहानखुरी. पण आकार सगळा मोटारसायकलीचा; गोल दिवा, टाकीवर दोन्ही बाजूंनी गुडघ्यांसाठी रबरी गाद्या, चाकांना बारीक तारा. माझ्या छातीएवढीही नव्हती. पेटीतली हत्यारं बाबांनी दोन कॅनव्हासच्या पिशव्यांत वाटून दोन्ही अंगांना लटकवली होती, कारण मागे पेटी ठेवायला जागाच नव्हती. तिथं लांब, काळी गादी होती. माणसाला बसायला.

"बस, शांते," बाबा म्हणाले.

त्या दिवसाचा अकोला ते अमरावती रस्ता मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतो. सकाळचं गार ऊन. तुरीला पिवळा बहर. ज्वारीच्या शेतात पोपट उतरलेले आणि मचाणावरून त्यांना हाकलणाऱ्या बाईची हाळी. रस्ताभर कापसाच्या बंड्या, एकामागे एक, पांढऱ्या ढिगांवर गाडीवान पालथे झोपलेले आणि बैल आपोआप चाललेले. दोन्ही बाजूंच्या बाभळींनी प्रत्येक बंडीकडून थोडा थोडा कापूस ओढून घेतलेला, त्यामुळे काट्याकाट्याला फुलं आल्यासारखी दिसत होती. आमची गाडी बारीक फुटफुटत जात होती आणि मला बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. बाबा मागे न पाहता मला सांगत होते, हे अमक्याचं जीन, इथला बॉयलर मी बांधला, इथं पाणी गोड आहे.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका पडीक वावरापाशी त्यांनी गाडी थांबवली. वाटलं, गुडघा दुखला असेल. त्यांनी मला उतरवलं, रस्त्यावर पुढेमागे पाहिलं, कोणी नव्हतं. गाडी ढकलत गवतात नेली. पेट्रोलची कळ बंद केली. आणि धड उभी असलेली गाडी हळूच, लेकराला निजवावं तशी, जमिनीवर आडवी केली.

मी म्हटलं, "बाबा, काय करून राहिले?"

ते वाकले. एक हात मुठीला, एक हात गादीखाली. दुखरा पाय मागे ठेवला, श्वास घेतला, आणि गाडी उभी केली. एकट्यानं. तिला स्टँडला लावलं, दोन पावलं मागे सरकून तिच्याकडे पाहिलं.

मग पुन्हा आडवी केली. पुन्हा उचलली.

तिसऱ्यांदा त्यांनी उचलली तेव्हा ते हसत होते. कपाळावर घाम, धोतराला गवताची कुसळं, आणि बावन्न वर्षांचे माझे बाबा रस्त्याकडेच्या वावरात आपल्याच गाडीला पाडत आणि उचलत होते. मला तेव्हा लाज वाटली, कोणी पाहील म्हणून. आता वाटतं, कोणीतरी पाहायला हवं होतं. बरं झालं, मी होते.

"चाल," ते म्हणाले. "आता कुठीही जाता येते."

लोक हसलेच. अकोल्याच्या जीनमधले रहीमचाचा, बाबांचे जुने दोस्त, इंजिनाला तेल घालणारे, त्यांनी फाटकातच कमरेवर हात ठेवले. "क्या सखाराम, शेर से उतरके बकरी पे?"

"बकरी दूध तरी देते, चाचा," बाबा म्हणाले. "वाघ काय देते?"

पुढे चाचाच हे सगळ्यांना सांगत सुटले. आणि बाबा त्या हंगामात आधीच्या कुठल्याही हंगामापेक्षा जास्त फिरले. दर्यापूर, कारंजा, बोरगाव. पूर्वी बंड्यांची रांग अडली की थांबावं लागे. आता ते शेतांमधल्या धुऱ्यावरून, पांदणीतून गाडी काढत. माय म्हणायची, खुर्चीवर बसले असते तर एव्हाना म्हातारे झाले असते.

फक्त गाव राहिलं होतं. वेचणीला आम्ही मूर्तिजापूरहून बंडीनं आधी गेलो, बाबा मागून गाडीवर आले. पाटलांच्या ओट्यापुढून येताना त्यांनी सवयीनं कान पिळला असणार. कोणी मान वर केली नाही. कबुतरंसुद्धा उडाली नाहीत. बाबा घरी आले, गाडी भिंतीला लावली आणि बराच वेळ विनाकारण चेन तपासत बसले. मायनं ते दारातून पाहिलं.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, पाटील आमच्या अंगणात आले.

बौद्धपुऱ्यात त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. सत्तरीचा उंच माणूस, डोक्याला पटका, पायी आलेला, धाप लागलेली. हातात तार. त्यांची लेक नागपूरला दवाखान्यात होती, बाळंतपण अडलं होतं, ऑपरेशन करायचं होतं, लगेच या म्हणून जावयानं कळवलं होतं. मूर्तिजापूरहून नागपूरची पॅसेंजर तासाभरात होती. गावातल्या सगळ्या बंड्या पहाटेच कापूस घेऊन बाजाराला गेलेल्या, त्यांची दमणी, माणसांना बसायची बैलगाडी, तीही बैलांसकट परगावी. ओट्यावर बसून ज्यांनी बाबांना जन्मभर 'सख्या' म्हटलं, ते आमच्या पडवीच्या तुळईखाली वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "सखाराम, मले टेसनावर पोचवतं काय?"

पुऱ्यातली माणसं दाराशी जमली होती. बाबांनी नाही म्हटलं असतं तरी कोणी त्यांना दोष दिला नसता, मी तर मुळीच नाही. बाबांनी कोट खुंटीवरून काढला. पिशव्या सोडून मायच्या हाती दिल्या.

"बसा," ते म्हणाले.

पाटील बसले. गादीच्या अगदी मागच्या टोकाला, दोन्ही हातांनी गादीचा काठ धरून, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. गाडी निघाली. पुऱ्याच्या बाहेर, कडुनिंबापलीकडे, काळ्या मातीच्या वाळलेल्या चाकोऱ्या आहेत, दगडासारख्या. मी धावत निंबापर्यंत गेले होते, म्हणून पाहिलं. पहिल्या चाकोरीला गाडी उडाली, आणि पाटलांनी काठ सोडून बाबांच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली. दुसरी चाकोरी, तिसरी. मग सपाट रस्ता लागला. हात तिथंच होते.

बाबा दुपारच्या आधी परत आले. पाटलांना पॅसेंजर मिळाली होती. (लेकही वाचली, तिला मुलगी झाली, ते आठवड्यानं कळलं.) पुऱ्यातली माणसं पुन्हा गोळा झाली. मायनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "काही बोलले काय रस्त्यानं?"

"म्हणे, हळू चालव."

"बस?"

"उतरल्यावर म्हणे, कधी काम पडलं तं दमणी पाठवतो तुले. मी म्हटलं, नोको. माही गाडी हाये."

पुऱ्यात हशा पिकला. मोठा, मोकळा, बायकांचासुद्धा. गाव त्या दिवशी बदललं नाही, हे मी सांगायलाच हवं. आमची विहीर त्या वर्षीही वेगळीच होती, पुढची काही वर्षंही. पण बाबा चेन तपासायला बसले नाहीत. पिशव्या परत लटकवायला ते गाडीकडे वळले, तर माय पिशव्या देईना.

"राहू द्या. मले बसवा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात माय त्या जुन्या गाडीवर एकदाही बसली नव्हती. तिथं पेटी होती.

तिनं लुगडं सावरलं, चपला घातल्या आणि एका बाजूला पाय सोडून बसली, बाबांच्या खांद्यावर हात टाकून, जशी रोजच बसते. गाडी वरच्या पुऱ्याकडे निघाली. वाट दगडाधोंड्यांची, बाबा इतके सावकाश चालवत होते की मी मागून चालत त्यांच्यासोबत राहू शकत होते. त्यांनी कान पिळला नाही. आवाज एवढा बारीक होता की ओट्याओट्यावरचं बोलणं ऐकू येत होतं, सूप पाखडणं, कुणाच्या घरात रडणारं लेकरू. पाटलांच्या ओट्यावर पाटलीणबाई उभ्या होत्या. पाटलांना पॅसेंजर मिळाल्याचं त्यांना तोवर कळलं असावं. त्या दोन पायऱ्या खाली आल्या.

"कुठी चाल्ली व, सुभद्रे?"

एरवी कोणी त्या जागी मायला काही विचारत नसे, आणि विचारलं तरी माय मान खाली घालून पुढे निघायची. बाबांनी गाडी थांबवली. पाय जमिनीला टेकवले. मायला कुठं जायचं आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचा बेत वेशीपर्यंत जाऊन वळायचा होता.

मायनं पदर नीट केला. पाटलीणबाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"मूर्तिजापूरले," ती म्हणाली. "च्या प्याले."

बाबांचे खांदे हसताना हलले ते मला मागून दिसले. मग गाडी वेशीतून बाहेर पडली, माघारी वळली नाही, उजवीकडे मोठ्या रस्त्याला लागली. आणि खरोखरच चार कोस जाऊन, टेसनासमोरच्या हॉटेलात बाकावर शेजारी शेजारी बसून, ते दोघं चहा पिऊन आले.